‘करण्या’त दडलेला इंग्रजीचा नियम

हिंगोली जिल्ह्यातील नरसी नामदेव हे कयाधू नदीकाठचे गाव संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून महाराष्ट्राला परिचित आहे. परंपरेनुसार १२७० साली जन्मलेल्या नामदेवांनी मराठीत अभंग रचले आणि पुढे पंजाबात गेल्यावर तेथील लोकांना उमगेल अशा भाषेत पदे रचली. त्यांची ६१ पदे गुरु ग्रंथसाहिबात समाविष्ट आहेत. २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन पंजाबातील घुमान येथे भरले, तेही याच नात्याने. ज्याच्याशी बोलावयाचे त्याची भाषा जाणून घ्यावी, हा धडा या गावाने फार पूर्वीच घालून दिला आहे.

व्यापाऱ्यालाही या धड्याची नित्य गरज पडते. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. सरकारी कामकाज उर्दूत चाले. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे शिक्षणही उर्दूतूनच होते. त्यामुळे घरात मारवाडी, गुजराती किंवा मराठी, बाजारात मराठी आणि कचेरीत उर्दू अशी व्यापारी घराण्यांची रीत होती. आज उर्दूची ती जागा बऱ्याच अंशी इंग्रजीने घेतली आहे. हिंगोली-वसमतची हळद दूरच्या पेठांत जाते, आणि दूरच्या खरेदीदाराशी पत्रव्यवहार करताना इंग्रजीची गाठ पडतेच. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवले जाते. तरीही एका विशिष्ट ठिकाणी शिकलेल्यांचीही लेखणी अडखळते, आणि तेथे अडखळणे व्यापाऱ्याला महागात पडू शकते.

पुढील दोन वाक्ये पाहावीत. पहिले : ‘वी यूज्ड टू सेटल अप एव्हरी मंथ.’ दुसरे : ‘वी आर यूज्ड टू सेटलिंग अप एव्हरी मंथ.’ दोन्हींत ‘सेटल अप’ म्हणजे हिशेब चुकता करणे हेच क्रियापद आहे. पहिल्याचा अर्थ, ‘आम्ही पूर्वी दरमहा हिशेब चुकता करत असू’. म्हणजे आता तसे राहिलेले नाही. दुसऱ्याचा अर्थ, ‘दरमहा हिशेब चुकता करण्याची आम्हाला सवय आहे.’ नव्या पेढीशी उधारीचा व्यवहार सुरू करताना दुसरे लिहावयाचे ते पहिले लिहिले गेले, तर समोरचा काय समजेल? ज्या पत्राने पत वाढावी, तेच पत्र पतीविषयी शंका उत्पन्न करील.

हा फरक कशाने पडतो? पहिल्या वाक्यातील ‘टू’ क्रियापदाच्या मूळ रूपापूर्वी येणारा आहे. दुसऱ्यातील ‘टू’ मात्र आपल्या शब्दयोगी अव्ययासारखा, नामाशी जोडला जाणारा शब्द आहे. असा शब्द आला की त्यानंतरच्या क्रियापदाला नामाचे रूप घ्यावे लागते, आणि इंग्रजीत ते रूप ‘इंग’ लावून होते. ‘ऑफ’, ‘फॉर’, ‘बिफोर’, ‘आफ्टर’, ‘विदाउट’, ‘इन्स्टेड ऑफ’ या सर्वांचा नियम हाच.

हा नियम परका वाटला, तरी मराठी माणूस तो लहानपणापासून पाळत आला आहे. १८३६ साली दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे मराठी व्याकरण प्रसिद्ध झाले, १९११ साली मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ आले. पण व्याकरणाचे पुस्तक न उघडताही कोणी ‘करणेपूर्वी’ किंवा ‘करतो ऐवजी’ असे बोलत नाही. तो ‘करण्यापूर्वी’, ‘करण्याऐवजी’ असेच म्हणतो. ‘करणे’ हे धातूपासून साधलेले नाम, ‘करण्या’ हे त्याचे सामान्यरूप, आणि त्याला जोडलेले शब्दयोगी अव्यय. हिंदीत ‘करने से पहले’ आणि गुजरातीत ‘करवाने बदले’ म्हणणाराही हेच करतो. ‘सवय आहे’ या वाक्यात ‘करण्याची’ असे रूप आले आणि ‘करत असू’मध्ये ते आले नाही, हे ध्यानात घेतले म्हणजे वरील दोन इंग्रजी वाक्यांचे रहस्य उलगडते.

मग चूक का होते? याची कारणे मराठीतच सापडतात. मराठीत काही अव्ययांपूर्वी ‘करण्या’ येते, तर काहींपूर्वी ‘केल्या’ : करण्यापूर्वी, पण केल्यानंतर, करण्याऐवजी, पण केल्याशिवाय. ‘केल्या’त भूतकाळाची छाया असल्यामुळे ‘माल सुपूर्द केल्यानंतर’चे इंग्रजी करताना ‘आफ्टर हँडेड ओव्हर द गुड्स’ असे लिहिले जाते. योग्य रूप ‘आफ्टर हँडिंग ओव्हर द गुड्स’. त्याचप्रमाणे ‘चौकशी केल्याशिवाय’ म्हणजे ‘विदाउट लुकिंग इनटू द मॅटर’. मराठी येथे दोन रूपे सांभाळते. इंग्रजीत एकाच रूपाने काम भागते. म्हणजे या बाबतीत इंग्रजीच अधिक सोपी ठरते.

दुसरे कारण शब्दांच्या क्रमाचे. ‘सोडून देणे’, ‘पाठवून देणे’ अशा आपल्या संयुक्त क्रियापदांत बदल शेवटच्या शब्दात होतो : ‘सोडून देण्याऐवजी’. इंग्रजीतील ‘गिव्ह अप’, ‘कॉल ऑफ’, ‘बॅक आउट’ यांसारख्या जोडक्रियापदांत मात्र ‘इंग’ पहिल्या शब्दाला लागते आणि मागचा लहान शब्द जसाच्या तसा राहतो. सौद्यातून मागे हटण्याऐवजी म्हणजे ‘इन्स्टेड ऑफ बॅकिंग आउट’; सौदा रद्द करण्यापूर्वी म्हणजे ‘बिफोर कॉलिंग ऑफ द डील’.

तो लहान शब्द क्षुल्लक समजून गाळणे मात्र घातक होय. ‘बिफोर रायटिंग ऑफ द अमाउंट’ म्हणजे रक्कम बुडीत खाती टाकण्यापूर्वी. त्यातील ‘ऑफ’ निसटला की ‘रक्कम लिहिण्यापूर्वी’ एवढाच अर्थ उरतो. वहीत रक्कम लिहिणे आणि ती बुडाली असे मानणे यांतील अंतर व्यापाऱ्याला समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. आणखी एक काळजी घ्यावी. सौद्याऐवजी नुसते ‘इट’ म्हणावयाचे असेल, तर ते मध्ये बसते : ‘बिफोर कॉलिंग इट ऑफ’, ‘आफ्टर हँडिंग इट ओव्हर’. ‘लुकिंग इनटू इट’ हे मात्र तसेच राहते. त्याची जोडी मध्ये तुटत नाही.

सर्वांत अधिक गोंधळ ‘टू’चा होतो, कारण तो दोन्ही प्रकारचा असू शकतो. येथे केवळ मराठी ‘ण्या’वर विसंबणे पुरेसे नाही, ‘भेटण्यासाठी आलो’ यात ‘ण्या’ आहे, तरी इंग्रजीत ‘केम टू मीट’ असेच होते. यासाठी एक सोपी कसोटी आहे. ‘टू’च्या पुढे क्रियापदाऐवजी एखादे नाम ठेवून पाहावे. ‘वी आर लुकिंग फॉरवर्ड टू युअर रिप्लाय’ हे वाक्य नीट बसते. म्हणून क्रियापद आले तर ‘टू हिअरिंग फ्रॉम यू’ असेच हवे. ‘वी वॉन्ट टू युअर रिप्लाय’ असे होत नाही. म्हणून तेथे ‘टू हिअर’. नाम बसले तर ‘इंग’, न बसले तर मूळ क्रियापद.

सरावासाठी घरातील मुलांसह पुढील तीन वाक्यांची इंग्रजी रूपे करून पाहावीत : ‘थकबाकी फेडण्यापूर्वी’, ‘हिशेब चुकता केल्याबद्दल आभार’, ‘माल पाठवणे लांबणीवर टाकण्याऐवजी’. उत्तरे अनुक्रमे अशी : ‘बिफोर पेइंग ऑफ द ड्यूज’, ‘थँक यू फॉर सेटलिंग अप’, ‘इन्स्टेड ऑफ पुटिंग ऑफ द डिस्पॅच’. दिवसाकाठी अशी दोन वाक्ये केली, तरी महिन्याभरात हात बसतो.

व्यापारात शब्दाला किंमत असते असे आपण म्हणतो, ते बहुधा दिलेल्या वचनाविषयी. पण ते वचन परक्या भाषेत कागदावर उतरते तेव्हा त्यातील ‘इंग’ आणि ‘ऑफ’ यांनाही तीच किंमत येते. म्हणून पत्र पाठवण्यापूर्वी ते एकदा मनातल्या मनात मराठीत म्हणून पाहावे आणि ‘टू’ आला की नामाची कसोटी लावावी. एवढ्याने दिलेला शब्द समोरच्यापर्यंत आपल्याला अभिप्रेत असलेल्या अर्थानेच पोहोचेल.