लहान शस्त्रक्रिया आणि भूल

“शस्त्रक्रिया अगदीच क्षुल्लक, मग एवढ्या चौकशा कशाला?” असे आईबाप पुष्कळदा विचारतात. हर्निया लहान, गाठ लहान, हे खरे. पण तेवढ्याने भूल लहान होत नाही. सन १८४८ च्या जानेवारीत इंग्लंडातील न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर ही १५ वर्षांची मुलगी क्लोरोफॉर्म हुंगविल्यावर काही मिनिटांतच दगावली. क्लोरोफॉर्मचा पहिला बळी म्हणून तिची नोंद आहे. शस्त्रक्रिया कोणती? पायाच्या बोटाचे नख काढण्याची!

त्या काळी भूल देणाराजवळ फडके, बाटली आणि नाडीवर ठेवलेले बोट एवढीच सामग्री असे. आज बोटाला लावलेला चिमटा रक्तातील प्राणवायूचे प्रमाण क्षणोक्षणी दाखवितो, औषधाचे माप मुलाच्या वजनावरून ठरते आणि भूलतज्ज्ञ शेवटपर्यंत उशाशी असावा लागतो. (तो असेल ना, हे विचारण्यात संकोच कसला?) निरोगी मुलाच्या बाबतीत असा अनर्थ आता फारच विरळा. तथापि मुलाने सकाळी काय खाल्ले, ते त्या चिमट्याला कळत नाही.

भुलेत खोकण्या-गिळण्याची स्वाभाविक राखण निजलेली असते. पोटातील अन्न वर आले तर ते फुप्फुसांत उतरू शकते. म्हणून जेवण व गाईम्हशीचे दूध ६ तास, आईचे दूध ४ तास आणि साधे पाणी साधारणतः २ तास आधी थांबवितात. दुधाचा चहा म्हणजे पाणी नव्हे. उलट, मुलाला रात्रभर पाण्यावाचून ठेवणे हीही चूकच. तान्ही मुले त्याने कोमेजतात. आमच्या आज्यांना मात्र हे घड्याळ मानवत नाही. नातवंड रडले की पदराआडून बिस्कीट निघते. निघाले तर निघाले, पण ते लपवू नये. फार तर शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाईल.

सर्दीखोकला नुकताच झाला असेल तर तोही सांगावा. श्वासनलिका तेव्हा हुळहुळी असते आणि भुलेत एकाएकी आवळते. हलणारा दुधाचा दातसुद्धा सांगावा. तो घशात निसटू शकतो. नात्यात कुणाला भुलेत जबर ताप चढला असेल, तर तेही.

भुलेने बुद्धी मंदावते काय, ही धास्ती अनेकांना असते. हर्नियासाठी भूल दिलेल्या तान्ह्या बालकांना ५ व्या वर्षी तपासल्याचा निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाला; तासाभराहून कमी भुलेने त्यांच्या बुद्धीत फरक आढळला नाही.

शुद्धीवर येताना मूल कधीकधी आकांत करते, आईलाही ओळखीत नाही. थोड्या वेळाने ते निवळते. आईने तेव्हा जवळ असावे. खाऊचा डबा मात्र डॉक्टरांनी सांगेपर्यंत पिशवीतच राहू द्यावा.