सभासदांस जाणारे आठवड्याचे पत्र

आपल्या संस्थेकडून दर सोमवारी सभासदांस ई-मेलने जे पत्र जाते, त्यासंबंधी कार्यकारी मंडळात वारंवार एकच तक्रार निघते. ती ही की, सभासद पत्र वाचीत नाहीत. तीवर सुचविले जाणारे उपायही ठरलेलेच आहेत. पत्र अधिक रंगीत करावे, छायाचित्रे वाढवावी, सभासमारंभांची वर्णने सविस्तर द्यावी, असे कोणी म्हणतात. तर शेतकऱ्यास वाचनाची गोडीच नाही, सबब पत्र बंद करून खर्च वाचवावा, असे दुसरे म्हणतात. या दोन्ही मतांशी मी सहमत नाही. ज्या मजकुरावाचून आपले अडते, तो मजकूर शेतकरी शोधून वाचतो. ऑक्टोबर महिन्यात ढग दाटून आले म्हणजे वणी परिसरातील बागाईतदार दिवसातून चार वेळा हवामानाचा अंदाज पाहतो. कांदा विक्रीस काढण्यापूर्वी तीन बाजारांचे भाव विचारतो. औषधाच्या डब्यावरील बारीक अक्षरे चष्मा लावून वाचतो. असा मनुष्य आपले पत्र उघडीत नसेल, तर दोष त्याच्या वाचनात नसून आपल्या पत्रात आहे, हे आपण प्रथम मान्य केले पाहिजे.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे की, पत्र पाठविणाऱ्याच्या सोयीने निघता कामा नये. ते घेणाऱ्याच्या कामाच्या तारखेने निघाले पाहिजे. या आठवड्यात आपल्या शेतात काय करावे अथवा काय टाळावे, हे ज्या पत्रातून कळत नाही, ते कितीही सुंदर छापले तरी व्यर्थ होय.

योग्य बातमी योग्य वेळी न मिळाल्याने केवढी हानी होते, याचे उदाहरण आपल्या जिल्ह्यास नवे नाही. २०१० साली नाशिक भागातून युरोपात गेलेल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड, म्हणजे आपण ज्यास सीसीसी म्हणतो, त्या वाढरोधकाचे अंश मर्यादेबाहेर आढळले. वेलीची पालेदार वाढ आवरावी व घडनिर्मितीस मदत व्हावी म्हणून खरड छाटणीनंतर ते फवारले जात असे. युरोपातील मर्यादा किलोस ०.०५ मिलिग्रॅम, म्हणजे २० टन द्राक्षांत अवघा १ ग्रॅम, इतकी कडक होती. निर्यातीपूर्वी ज्या रसायनांसाठी नमुने तपासले जात, त्यांच्या यादीत हे द्रव्य त्या वेळी नव्हते. यादीप्रमाणे सर्व पथ्ये पाळलेल्या बागाईतदारांचा मालही त्यामुळे अडकला आणि कित्येकांस मोठी झळ लागली. यात लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, मर्यादेचा नियम कोणी लपविलेला नव्हता. तो युरोपच्या नियमांत होताच. परंतु फवारणी झाली आदल्या उन्हाळ्यात, आणि बोभाटा झाला माल परदेशी पोचल्यावर. फवारणीपूर्वी दोन ओळींचे एक पत्र बांधावर पोचते, तर त्याचे मोल झाले असते. काढणीनंतर आलेल्या शंभर पानांचे काही मोल नव्हते.

यावरून वेळेचा प्रश्न पहिला ठरतो. आपले पत्र सोमवारी का निघते, याचा शोध घेतला असता, त्या दिवशी कचेरीत सवड असते, एवढेच कारण आढळते. जिल्ह्याचा कृषिहवामान सल्ला मात्र मंगळवारी व शुक्रवारी प्रसिद्ध होतो आणि त्यात पुढील पाच दिवसांचा अंदाज असतो. म्हणजे सोमवारी निघणारे आपले पत्र शुक्रवारचा, सरत आलेला अंदाज सभासदांस देते. डाऊनीसारखा रोग पाने ओली राहिली की पसरतो, आणि संरक्षक फवारणी व्हावयाची ती पावसापूर्वी. पाऊस होऊन गेल्यावर हाती पडलेली पावसाची सूचना फक्त हळहळ वाढविते. यास्तव पत्र मंगळवारी व शुक्रवारी सायंकाळी, ठरल्या वेळी निघावे. हवामान खात्याने १९४५ साली रेडिओवरून शेतकऱ्यांसाठी हवामानवार्ता सुरू केली, ती ठरल्या वेळी लागे म्हणूनच लोकांस तिची सवय झाली. वेळ पाळणे हाच वाचक जोडण्याचा पहिला मार्ग होय.

तथापि काही बातम्या वारांची वाट पाहत नाहीत. कांद्याच्या निर्यातीवर केंद्र सरकारने घातलेली बंदी ८ डिसेंबर २०२३ पासून अमलात आली. तो शुक्रवार होता. पुढील सोमवारी पत्राने ती वार्ता देणे म्हणजे पंचनाम्याचा कागद वाटण्यासारखे आहे. अशा प्रसंगासाठी निराळे, तातडीचे, पाच ओळींचे पत्र असावे व त्याच्या विषयात 'तातडीचे' हा शब्द असावा. मात्र हा शब्द वर्षातून मोजक्याच वेळी वापरावा. सर्वसाधारण सभेच्या निमंत्रणासही तो लावू लागलो, तर खऱ्या संकटात त्याची किंमत उरणार नाही.

दुसरी गोष्ट निवडीची. आजमितीस द्राक्ष, टोमॅटो, कांदा, भाजीपाला या सर्वांचा मजकूर एकाच पत्रात कोंबून तो सर्वांस धाडला जातो. ज्याची वेल एकही नाही, त्यास विरळणीचा सल्ला वाचावा लागतो. इतकेच नव्हे, तर द्राक्षाच्या बागाईतदारांतही एकच सल्ला सर्वांस लागू पडत नाही. एकाने २५ सप्टेंबरला गोड्या बाराची छाटणी केली व शेजाऱ्याने २० ऑक्टोबरला केली, असे धरू. ५ नोव्हेंबर रोजी पहिल्याच्या बागेस ४१ दिवस झालेले असतात व ती फुलोऱ्याच्या सुमारास असते. दुसऱ्याच्या बागेस अवघे १६ दिवस होऊन ती कोवळ्या पानांवर असते. दोघांची औषधे निराळी, मात्रा निराळ्या, भीती निराळ्या. 'या आठवड्यात द्राक्षबागेस अमुक फवारावे' असे मोघम वाक्य दोघांपैकी एकाचे नुकसान करू शकते. उपाय सोपा आहे. प्रत्येक सभासदाकडून पीक, वाण व छाटणीची तारीख एवढ्या तीनच गोष्टी मागवाव्या आणि त्यांवरून याद्या कराव्या. ई-मेलच्या साधनात याद्यांप्रमाणे निरनिराळा मजकूर धाडणे मुळीच कठीण नाही. कठीण आहे ते तारखा विचारण्याचे कष्ट घेणे.

आता पत्राच्या रूपाविषयी. आपले पत्र म्हणजे बहुधा चित्रात उमटविलेला मजकूर व सोबत एक जड पीडीएफ असते. बागेत उभ्या असलेल्या माणसाच्या मोबाइलवर ते चित्र उतरण्यास वेळ लागतो, अक्षर बारीक दिसते, आणि पुढे कधी एखाद्या औषधाचे नाव शोधू गेल्यास चित्रातील अक्षरे शोधात सापडत नाहीत. तेव्हा मजकूर साध्या युनिकोड देवनागरीत, पत्राच्या अंगातच लिहिलेला असावा. जुन्या छपाईच्या फाँटमधून उचललेला मजकूर काही मोबाइलवर अर्थहीन चिन्हांसारखा दिसतो, म्हणून तो तसाच चिकटवू नये. जी-मेलमध्ये सुमारे १०२ किलोबाइटांहून मोठा मजकूर मध्येच तोडला जातो, हेही ध्यानात असावे. आपण शेवटी घातलेली महत्त्वाची सूचना कित्येकांस दिसलीच नसेल. विषयाच्या ओळीत 'साप्ताहिक पत्र, अंक अमुक' असे न लिहिता 'छाटणीनंतर १५ ते २० दिवस: पावसापूर्वी करावयाची फवारणी' असे लिहावे. पहिल्या तीन ओळींत काम सांगावे, नंतर कारण, आणि सर्वांत शेवटी संस्थेच्या वार्ता.

बाजारभाव देताना नुसता एक आकडा देण्याची चाल सोडून द्यावी. बाजाराचे नाव, लिलावाची तारीख, आवक, व क्विंटलचा किमान, कमाल आणि सर्वसाधारण भाव ही सर्व दिली तरच शेतकऱ्यास तुलना करता येते. केवळ कमाल भाव छापल्याने वाचकास क्षणभर आनंद होतो. पण गाडी भरून नेल्यावर तोच वाचक पत्रास खोटे ठरवितो.

याहून नाजूक बाब जाहिरातींची. पत्राचा खर्च भागविण्यासाठी औषध व खत विकणाऱ्यांच्या जाहिराती घेण्यास माझा विरोध नाही. परंतु सल्ल्याच्या वाक्यातच एखाद्या मालाचे व्यापारी नाव गुंफले गेले की, सल्ला कोठे संपला व विक्री कोठे सुरू झाली, हे वाचकास कळत नाही. सल्ल्यात द्रव्याचे मूळ नाव, मात्रा, काढणीपूर्वी पाळावयाचे दिवस आणि शिफारस कोणाची, ही चार कलमे असावी. पुण्याजवळ मांजरी येथे १९९७ साली स्थापन झालेले राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र निर्यातीच्या द्राक्षांसाठी शिफारशीत रसायनांची यादी प्रसिद्ध करीत असते. आपला सल्ला त्या यादीशी ताडून पाहिल्यावाचून बाहेर पडू नये. जाहिरात निराळ्या चौकटीत, जाहिरात म्हणूनच असावी. आणि सल्ल्यात चूक झालीच, तर पुढील पत्राच्या पहिल्या ओळीत ती कबूल करावी. चूक कबूल केल्याने संस्थेची अब्रू जात नाही. झाकल्याने एखाद्याची बाग मात्र जाऊ शकते.

पत्राच्या यशाचे मोजमाप कसे करावे, याविषयीही आपल्यात गैरसमज आहे. इतक्या सभासदांनी पत्र 'उघडले', असा आकडा अहवालात अभिमानाने दिला जातो. हा आकडा पत्रात दडविलेले एक सूक्ष्म चित्र मोबाइलवर उतरले की नाही यावरून काढतात. सप्टेंबर २०२१ पासून ॲपलच्या मेलमध्ये अशी सोय आली आहे की, वाचकाने पत्र न उघडताही चित्रे परस्पर उतरविली जातात. म्हणजे न वाचलेले पत्रही वाचलेले म्हणून मोजले जाते. त्यापेक्षा दर पत्राच्या शेवटी एकच प्रश्न विचारावा: 'या पत्रावरून आपण काय केले?' वीस सभासदांनी उलट उत्तर धाडले, तर हजार 'उघडण्यां'हून ते अधिक बोलके आहे. त्या उत्तरांतून पुढील पत्राचा विषयही मिळेल. कारण कोणत्या शिवारात कोणता रोग दिसू लागला, हे कचेरीपूर्वी शेतकऱ्यास कळते.

ज्यास पत्र नको असेल, त्याचे नाव एका दाबात कमी व्हावे. यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. नाव कमी करण्याची वाट न सापडलेला सभासद रागाने पत्रास 'स्पॅम' ठरवितो, आणि अशा तक्रारी वाढल्या म्हणजे ज्यांस पत्र हवे आहे त्यांच्याकडेही ते नको असलेल्या टपालात जाऊन पडते. जी-मेलने फेब्रुवारी २०२४ पासून दिवसाला ५,००० हून अधिक पत्रे धाडणाऱ्यांवर ही सोय ठेवण्याचे बंधन घातले आहे. आपली संस्था लहान असली, तरी शिस्त मोठ्यांची घ्यावयास हरकत नाही.

यावर कोणी म्हणेल की, आता सर्व व्यवहार व्हॉट्सॲपवर चालतो. ई-मेलचा खटाटोप कशास? हा आक्षेप विचारात घेण्याजोगा आहे. तातडीची सूचना व्हॉट्सॲपवरही अवश्य जावी. परंतु तेथील मजकूर हातोहात पुढे जातो, त्याची मूळ तारीख व कर्ता हरवतो, आणि गेल्या वर्षीचा सल्ला यंदाचा म्हणून गावभर फिरतो. ई-मेलचे पत्र तारखेसह राहते, दोन वर्षांनी शोधता येते, आणि निर्यातीसाठी फवारणीची नोंद ठेवणाऱ्यास ताडून पाहण्यास उपयोगी पडते. राहिला प्रश्न ज्यांच्याकडे ई-मेल नाही अशा सभासदांचा. पुष्कळ घरांत मुलगा, सून अथवा शाळेत जाणारी नात हे पत्र वाचून दाखवू शकते. आणि तेही नसेल, तेथे पत्राची एक छापील प्रत गावातील सोसायटीच्या फळ्यावर लागावी. मजकूर आखूड असला, तरच ती एका पानात बसेल, हाही आखूडपणाचा एक लाभ.

शेवटी कार्यकारी मंडळास विनंती अशी की, नवे रंग व नवी चित्रे यांवर खर्च करण्यापूर्वी येत्या छाटणीच्या आधी सभासदांच्या तारखांची यादी पुरी करावी व एक हंगामभर या पद्धतीने पत्र धाडून पाहावे. आणि सभासदबंधुभगिनींस विनंती अशी की, तारीख विचारली असता ती कळविण्याचा आळस करू नये, व सल्ला चुकला तर तोही स्पष्टपणे कळवावा. पत्र चांगले होण्यास दोन्ही बाजूंनी लिहिणारे हात लागतात. आजवर आपण एकाच बाजूने लिहीत आलो आहो.