देवनहळ्ळीचे तळे आणि बंगळूरचे सांडपाणी

बंगळूरच्या उत्तरेस वसलेले देवनहळ्ळी हे टिपू सुलतानाचे जन्मस्थान. पपनस व द्राक्षे ही येथील शेतकऱ्यांची ख्याती. २००८ साली गावालगत आंतरराष्ट्रीय विमानतळ सुरू झाला. जमिनीचे भाव वर चढत गेले आणि पाणी खाली खाली जात राहिले. अर्कावती व दक्षिण पिनाकिनी या नद्या शेजारच्या नंदी टेकड्यांत उगम पावतात खऱ्या, पण तालुक्याला बारमाही पाणी नाही. शेतीची सारी भिस्त तळ्यांवर आणि विंधणविहिरींवर.

अशा या टापूला कर्नाटक शासनाने बंगळूरचे प्रक्रिया केलेले सांडपाणी देऊ केले. कोरमंगल-चल्लघट्ट खोऱ्यातील पाणी २०१८ पासून कोलारच्या तळ्यांत जाऊ लागले. त्या योजनेची क्षमता रोज ४४ कोटी लिटर. हेब्बाळ-नागवारा खोऱ्याची योजना २१ कोटी लिटरची. तिचे पाणी देवनहळ्ळी व चिक्कबळ्ळापूरकडे वळले. कोरडी तळी भरली, विहिरींना पाणी चढले. हे नाकारण्यात अर्थ नाही, आणि पाणी बंद करा असे म्हणणे तर शेतकऱ्याच्या तोंडचा घास काढण्यासारखेच होईल.

प्रश्न निराळाच आहे. सांडपाणी शुद्ध करण्याचे टप्पे तीन. आधी गाळ बसवणे, मग हवा व जिवाणूंच्या साहाय्याने सेंद्रिय घाण कुजवणे, आणि शेवटी बारीक गाळणी व निर्जंतुकीकरण. या योजना आखताना शासनकर्ते दुसऱ्या टप्प्यावरच थांबले. जुलै २०१८ मध्ये कोलारच्या लक्ष्मीसागर तळ्यावर फेस दाटला, उच्च न्यायालयाने पाणी थांबवले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २०१९ साली पाणी वाहते राहिले. तिसऱ्या टप्प्याची शेतकऱ्यांची मागणी तशीच राहिली.

देवनहळ्ळीच्या तळ्याचे नाव सिहिनीरु केरे, म्हणजे गोड्या पाण्याचे तळे. तेथे नगरपालिकेने स्वयंसेवी संस्थांच्या साहाय्याने तळ्याकाठची जुनी विहीर पुन्हा वापरात आणली. जमिनीतून झिरपून आलेले पाणी आणखी शुद्ध करून गावाला पुरवले. प्रयोग स्तुत्य आहे. परंतु त्याचा अर्थ असा की महानगराने अर्धवट टाकलेले काम एका छोट्या गावाने पुरे केले. ज्या वाडीला अशी यंत्रणा परवडत नाही, तिने काय करावे?

पाणी जेथे घाण होते तेथेच ते शुद्ध झाले पाहिजे. हे अशक्य आहे असे मालकवर्ग नेहमीच सांगतो. अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया राज्यात नैसर्गिक वायूच्या विहिरींचे खारट, विषारी पाणी नगरपालिकांच्या सांडपाणी केंद्रांमार्गे नद्यांत सोडले जाई. ही केंद्रे मीठ काढण्यास असमर्थ होती. एप्रिल २०११ मध्ये राज्याने कंपन्यांना हा मार्ग सोडण्यास सांगितले, आणि तेच पाणी विहिरीजवळ गाळून पुढच्या विहिरीत वापरण्याचे प्रमाण झपाट्याने वाढले. तंत्र उपलब्ध होतेच. फुकटची वाट बंद होणे तेवढे बाकी होते. (उरलेल्या पाण्याचा काही भाग शेजारच्या ओहायो राज्यात जमिनीखाली ढकलण्यात आला, हेही विसरू नये.) बंगळूरला खेड्यांतली तळी हीच तशी वाट झाली आहे.

जागच्या जागी प्रक्रिया म्हणजे मजुराच्या जिवावर प्रक्रिया नव्हे. जानेवारी २०१८ मध्ये बंगळूरच्या एका गृहसंकुलातील प्रक्रिया टाकी साफ करताना तीन कामगार गुदमरून मेले. हाताने मैला उपसण्यास बंदी करणारा कायदा होऊन तेव्हा चार वर्षे लोटली होती.

चन्नरायपट्टण होबळीतील शेतकऱ्यांनी ११९८ दिवस लढून जुलै २०२५ मध्ये १७७७ एकरांचे भूसंपादन रद्द करून घेतले. राखलेल्या त्या जमिनीलाही पाणी लागणारच. तिसऱ्या टप्प्याचा खर्च महानगराने व तेथील उद्योगांनी उचलावा, आणि प्रत्येक तळ्याच्या पाण्याची तपासणी दर महिन्याला होऊन तिचे निष्कर्ष कन्नडमध्ये ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावले जावेत.