वाचनालयाची वेळ भोंग्याला विचारा

आपल्या पिंपरी-चिंचवड-चाकण पट्ट्यातल्या बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुटी गुरुवारी असते. विजेचं नियोजन म्हणून कधीकाळी ठरलेला हा वार पुढे अंगवळणी पडला. शहरातले कार्यक्रम मात्र ठरतात शनिवार-रविवारी. व्याख्यान, पुस्तक प्रकाशन, कविसंमेलन, सगळं तेव्हाच. २०१६च्या जानेवारीत एकोणनव्वदावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन पिंपरीत भरलं. १५ ते १८ तारीख, म्हणजे शुक्रवार ते सोमवार. कामगारनगरीत संमेलन भरल्याचं कौतुक व्यासपीठावरून पुष्कळ झालं. गुरुवारी सुटी असणाऱ्या कामगाराला ते गाठायचं तर रजा टाकणं किंवा पाळी सुटल्यावर पळत येणं, एवढाच मार्ग होता. यात कुणाचा दुष्ट हेतू नव्हता. कॅलेंडर करणाऱ्याच्या डोळ्यांपुढे तो माणूसच नव्हता, इतकंच.

सध्या वाचनालयांचं रूप पालटण्याची चर्चा आहे. पुस्तकं देण्या-घेण्यापुरतं वाचनालय नको, लोकांनी येऊन बसावं, भेटावं, काही शिकावं अशी जागा हवी, असं म्हणतात. मग हेलसिंकीच्या ‘ऊडी’चे फोटो दाखवले जातात. २०१८च्या डिसेंबरात संसदेच्या समोर उघडलेलं हे ग्रंथालय. त्यात शिलाई मशीन आहेत, थ्रीडी प्रिंटर आहेत, गाण्याच्या सरावाच्या खोल्या आहेत, स्वयंपाकघरही आहे. पुस्तकांना मुख्यतः वरचा मजला. फोटो बघून आपले लोक हरखतात.

मला गंमत वाटते. शिवणवर्ग आणि वाचनालय एका छताखाली, ही कल्पना आपल्याकडे कित्येक दशकं जुनी आहे. महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाची केंद्रं बघा. १९५३च्या कायद्यातून कामगार कल्याण निधी आणि त्याचं काम उभं राहिलं. शिवण, शिशुमंदिर, वाचनालय, अभ्यासिका, नाट्यस्पर्धा हे सगळं या मंडळाच्या कामात येतं. आपल्या चिंचवड परिसरातही केंद्रं आहेत. म्हणजे ‘ऊडी’ची कल्पना आपल्याला आयात करायला नको. आपल्याकडे कमतरता आहे ती खोल्यांची, आणि त्याहून जास्त वेळेची.

वेळेचं जरा नीट पाहू. निघोजे, म्हाळुंगे, खराबवाडी, कुरुळी. चाकणभोवतीच्या या गावांत एका खोलीत चार-चार, पाच-पाच पोरं राहतात. कुणी लातूरचा, कुणी बुलढाण्याचा, कुणी बिहारचा, कुणी ओडिशाचा. पाळ्या वेगवेगळ्या. सकाळी सातला गेलेला साडेतीनला सुटतो आणि खोलीवर येतो, तर रात्रपाळीवाला भिंतीकडे तोंड करून झोपलेला. दिवा लावायचा नाही, फोनवर बोलायचं तर दाराबाहेर जायचं. म्हणून तो टपरीवर उभा राहतो. उभा राहतो म्हणजे खरंच उभा राहतो, कारण बाकड्यावर बसायचं तर दर अर्ध्या तासाला चहा घ्यावा लागतो. वायरिंग हार्नेसच्या कारखान्यांत काम करणाऱ्या मुलींना तर टपरीही नाही. त्यांच्यासाठी खोली, कंपनीची बस आणि कंपनी, एवढंच जग.

आता वाचनालयांच्या नेहमीच्या वेळा घ्या. सकाळी आठ ते अकरा, संध्याकाळी पाच ते आठ. या वेळा पेन्शनरला, शाळकरी पोराला आणि दहा ते सहाच्या ऑफिसातल्या माणसाला सोयीच्या. दुसऱ्या पाळीवाला रात्री बाराला सुटतो, एक-दीडला झोपतो, नऊ-दहाला उठतो. त्याचा मोकळा वेळ म्हणजे अकरा ते दोन. नेमकं तेव्हा दाराला कुलूप. पाळ्या फिरत्या असल्यामुळे आज पहिल्या पाळीत असलेलाही पुढेमागे त्याच फेऱ्यात सापडतो. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यातला चौथा वाचकाचा वेळ वाचवण्याबद्दल आहे. आपल्याकडे वाचकाच्या वेळेलाच कुलूप लावतात.

आणि जिथे दार उघडं असतं, तिथे टेबलं अभ्यासिकेने व्यापलेली. स्पर्धा परीक्षेच्या पोरांबद्दल माझी तक्रार नाही. खासगी अभ्यासिकेची फी परवडत नाही म्हणूनच ती येतात. पण ‘शांतता राखा’ची पाटी मग सगळ्या इमारतीला लागू होते. कोपऱ्यात काठीला लावलेलं वर्तमानपत्र घेऊन बसलेले आजोबा पुरवणीच्या पानाची वाट बघत गप्प, आणि पोरं नोट्समध्ये डोकं घालून गप्प. दोघांना बोलायची हौस असते, पण बोलण्यासाठी निराळी खोली नाही. एक खोली शांततेची आणि एक बोलण्याची, एवढी वाटणी झाली तरी निम्मं काम होईल.

वाचनालयात बोलायचं नसतं, ही समजूत तशी अलीकडची. पुण्याचं नगर वाचन मंदिर १८४८ सालचं. त्या शतकातली आपली वाचनालयं ही चार शहाणी माणसं जमायच्या जागा होत्या. चाकणच्या पोराला अशा जागेत काय हवं असतं? पीएफ अडकला आहे, यूएएन नंबर जोडायचा आहे, ईएसआयचं कार्ड काढायचं आहे. आज तो सायबर कॅफेत पैसे मोजतो. ड्रॉइंग वाचायला शिकायचं आहे, सीएनसीचं प्रोग्रॅमिंग जमलं तर ऑपरेटरचा सेटर होता येईल. घरच्या भाषेतला पेपर मिळाला तर हवाच आहे, मग ती भाषा मराठी असो, हिंदी असो की ओडिया. कादंबरी तो यानंतर मागेल, आणि नाही मागितली तरी बिघडत नाही. ‘पोरं मोबाईल चार्ज करायला येतील’ असा आक्षेप मी एकाहून अधिक कार्यकारिणींच्या तोंडून ऐकला आहे. येऊ देत की. मंदिरात सगळे काय फक्त दर्शनालाच जातात?

वाचनालयाची इमारत नसेल तिथे पेटी चालते. बडोद्यात सयाजीरावांनी १९१०मध्ये अमेरिकेहून ग्रंथपाल बॉर्डन यांना बोलावून ग्रंथालयांचं जाळं विणलं, त्यात गावोगाव फिरणाऱ्या पुस्तकांच्या पेट्या होत्या. नाशिकच्या विनायक रानडे यांच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ने तीच युक्ती आपल्या काळात नव्याने चालवून दाखवली. मेसच्या खोलीत, कंपनीच्या कँटीनमध्ये अशी पेटी ठेवायला इमारत लागत नाही, फक्त ती बदलत राहणारा एक माणूस लागतो.

पैशाचं विचाराल तर राज्याकडे पाहून उपयोग नाही. १९६७च्या आपल्या ग्रंथालय कायद्यात ग्रंथालय उपकर नाही. मद्रासने तो १९४८मध्येच बसवला होता. अनुदान २०२२मध्ये साठ टक्क्यांनी वाढलं खरं, पण ग्रंथपालाचा पगार अजून सांगायची लाज वाटावी असा. त्यातून नव्या खोल्या उठणार नाहीत. मात्र या पट्ट्यात आणखी दोन थैल्या आहेत. कामगार कल्याण निधीसाठी जून आणि डिसेंबरच्या पगारातून कामगाराचे २५ रुपये कापले जातात, मालक ७५ घालतो. दुसरी थैली सीएसआरची, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या खर्चाची. कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात सार्वजनिक ग्रंथालय उभारणं स्पष्ट लिहिलेलं आहे. ज्या चाकणला गाड्या बनवणाऱ्या एवढ्या बड्या कंपन्या आहेत, तिथे हे कलम कुणी वाचलेलंच नाही असं मला वाटत नाही. मागणारं कुणी गेलं नसावं.

पिंपरी-चिंचवड महापालिकेची आठ क्षेत्रीय कार्यालयं आहेत. आठही ठिकाणी नको, भोसरी आणि चिखलीच्या बाजूला एकेक वाचनालय घ्या आणि सहा महिने सकाळी सात ते रात्री दहा उघडं ठेवा. खर्च दोन जादा माणसांच्या पगाराचा. कार्यक्रम गुरुवारी ठेवा. मुली येतील असा दिवा आणि बसथांबा दाराजवळ असू द्या. नाही कुणी आलं तर बंद करा, मी याच स्तंभात तसं लिहीन.

वाचकहो, तुमच्या डिसेंबरच्या पगाराच्या स्लिपवर कामगार कल्याण निधीची ओळ शोधा. ती सापडली की जवळच्या कल्याण केंद्रात जा आणि दुपारी एक वाजता बसायला जागा मिळते का, ते विचारा. आणि तुम्ही व्यवस्थापनात असाल, तर सीएसआर समितीच्या पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत वाचनालय हा शब्द घाला.