उतारावरचं लॉन आणि प्रमादचर्या



खारघर-बेलापूरकडे डोंगराच्या पायथ्याशी सोसायट्या झाल्या आणि मागच्या मुरमाच्या उतारावर लॉन अंथरायची हौस आली. आमच्या सोसायटीतही तोच प्रस्ताव आहे. माझा त्याला स्पष्ट विरोध आहे.

लॉनची मुळं वीतभरही धड खोल जात नाहीत. मोठ्या पावसात पाणी हिरवळीखाली शिरतं आणि मातीसकट ती घसरते. उन्हाळाभर रोज पाणी, सतत कापणी, वर कीटकनाशक. एवढं करून उतार उघडाच! आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात विनाकारण माती खणणं, पाणी ओतणं, वनस्पती तोडणं याला प्रमादचर्या म्हटलंय, म्हणजे अनर्थदंडच. उतारावरचं लॉन आणखी काय आहे?

त्याऐवजी वाळा लावा. हो, आपल्या माठातला वाळा. त्याची मुळं आडवी न पसरता सरळ खाली जातात, दोन-तीन मीटरपर्यंत. उताराला आडव्या, एका पातळीतल्या ओळी धरायच्या आणि ठोंब वीतभरापेक्षा कमी अंतरावर लावायचे. वर्ष-दोन वर्षांत दाट कुंपण होतं. पाणी मंदावतं, गाळ ओळीमागे अडून आपोआप पायऱ्या पडतात. लालसर तुऱ्यांचं शोभेचं गवत दिसायला सुरेख, पण त्याची मुळं एवढी खोल जात नाहीत. हवं तर फाटकापाशी लावा. मधल्या जागेत गवती चहा चालेल, पाती कापली तरी मूळ शाबूत राहतं.

“पण खड्डे खणणं ही हिंसाच ना?” हा प्रश्न बैठकीत आला. आहेच. गृहस्थाला आरंभी हिंसा पूर्ण टळत नाही, म्हणून तर विवेक सांगितलाय. उघड्या उतारावरून दर पावसाळ्यात मातीबरोबर गांडुळं, किडे, मुंग्यांची वारुळं गटारात जातात. ती कोणाच्या खाती लिहायची? लागवड मृगाच्या सरींनंतर, चातुर्मास बसायच्या आत उरका. आणि मुळं सरबतासाठी उपटायची नाहीत, नाहीतर सगळंच मुसळ केरात.

वाळा वरची माती धरतो, सुटलेला डोंगर नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर कोसळला तसा कडा कुठलंच गवत थोपवत नाही. भिंतीला तडे असतील, पाणी झिरपत असेल, तर आधी अभियंता बोलवा.

पुढच्या बैठकीत लॉनच्या खर्चाला हात वर करण्याआधी एकच विचारा: मुळं किती खोल जाणार?