नळी जर्मनीची, बैठक कोणाची?

१ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्नील कुसळे याने ५० मीटर रायफलच्या तीन अवस्थांच्या स्पर्धेत ४५१.४ गुण मिळवून कांस्यपदक जिंकले आणि खाशाबा जाधवांच्या १९५२ सालच्या हेलसिंकी येथील पदकानंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या वाट्याला वैयक्तिक ऑलिंपिक पदक आले. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचा, शिक्षकाच्या घरातला हा मुलगा त्या वेळी मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता. साहजिकच गिरगावापासून लालबागपर्यंतच्या नोकरदार घरांना हे पदक आपल्याच बिऱ्हाडात आल्यासारखे वाटले. सत्कार झाले, बक्षिसे जाहीर झाली, आणि ते योग्यच झाले. परंतु या कौतुकात एक प्रश्न कोणी विचारल्याचे ऐकिवात नाही. ज्या रायफलीने असे गुण मिळवायचे, ती रायफल तिच्या दस्त्यात आणि नेमबाजाच्या अंगाला नीट बसवून देणारे हात आपण तयार करतो काय?

प्रश्न क्षुल्लक वाटेल; वस्तुतः तो तसा नाही. रायफल म्हणजे एकसंध वस्तू, असा आपला सर्वसाधारण समज असतो. ज्यांनी महाविद्यालयात एनसीसीचा गणवेश घालून 'पॉइंट टू-टू'च्या पाच गोळ्या झाडल्या असतील, त्यांचाही समज याहून फारसा वेगळा नसतो. प्रत्यक्षात स्पर्धेची रायफल दोन स्वतंत्र भागांची असते. एक भाग पोलादाचा : नळी आणि तिच्या मागची, गोळी कोंडून ती डागणारी यंत्रणा, जिला नेमबाज 'ॲक्शन' म्हणतात. दुसरा भाग म्हणजे दस्ता, जो हातात धरायचा, गालाला लावायचा आणि खांद्याला टेकवायचा. पिढ्यान्‌पिढ्या हा दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा असे. गेल्या काही दशकांत मात्र ॲल्युमिनियमचा, जागोजागी मागेपुढे-वरखाली सरकणारा सांगाडा त्याच्या जोडीला आणि अनेकदा त्याच्या जागी आला. मोटारीच्या सांगाड्याला आपण जो शब्द वापरतो तोच, 'चॅसी', हा शब्द नेमबाजीतही रूढ झाला आहे. नळी आणि ॲक्शन एका कारखान्याची, तर चॅसी दुसऱ्याच कारखान्याची, असा संसार आता सर्रास दिसतो. आणि असा संसार नीट जुळवून द्यावा लागतो. तो आपोआप जुळत नाही.

लाकूड टाकून धातूकडे जाण्याचे कारण मुंबईकराला समजावून सांगण्याची गरज नसावी. गिरगावातल्या चाळीतले दार आषाढात लागत नाही आणि मार्गशीर्षात त्यातून फट दिसते, हा ज्याचा त्याचा अनुभव आहे. दादरच्या पेटीवाल्यालाही पावसाळ्यातले लाकूड काय करते ते ठाऊक असते. अक्रोडाचा दस्ता याला अपवाद कसा असेल? दमट हवेत लाकूड फुगते, दस्त्याचा पोलादावरचा दाब बदलतो आणि स्क्रूंची पकड बदलते. नेमबाज तोच, गोळी तीच, श्वास तोच. पण नेम मात्र हललेला असतो. ॲल्युमिनियम पाणी पीत नाही. त्याचे खरे वैशिष्ट्य एवढेच की आज जसे आहे तसेच ते उद्या राहते.

या 'तसेच राहण्या'चे मोल किती, हे साध्या त्रैराशिकाने दाखविता येईल. नळी ६६ सेंटिमीटर लांबीची धरली आणि तिचे पुढचे टोक मिलिमीटरच्या केवळ दहाव्या भागाने कलले, तर ५० मीटरवर गोळी साडेसात मिलिमीटर दूर पडते. तेथे दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यासच मुळी १०.४ मिलिमीटर आहे. अंतिम फेरीत गुण दशांशात मोजतात. अशा वेळी १०.९ ची गोळी एका केसभर कलाने १०.० वर येते. हा फरक कायमचा असता तर चिंता नव्हती. साइटचे चाक फिरवून तो काढून टाकता येतो. घात होतो तो दर गोळीला थोडाथोडा बदलणाऱ्या फरकाने, कारण त्याला साइटचे चाक पुरे पडत नाही. म्हणूनच दस्त्याचे पहिले कर्तव्य म्हणजे पोलादाला दर वेळी त्याच जागी, त्याच ताणात, किंबहुना कोणताही ताण न देता बसू देणे.

आणि येथेच महागड्या वस्तूची खरी परीक्षा होते. लाखाच्या पुढची किंमत मोजून, आयातीचे सोपस्कार उरकून आणलेली चॅसी दोन स्क्रूंनी आवळली की काम झाले, अशी समजूत असेल तर त्या पैशाचा बराच भाग पाण्यात गेला म्हणून समजावे. प्रथम रायफल रिकामी असल्याची दोनदा खात्री करायची. मग ॲक्शनची बैठक पाहायची : ती चॅसीच्या खाचेत पुरी टेकते की एका कडेवर तरंगते? तरंगत असेल आणि तरीही स्क्रू आवळले, तर पोलाद वाकते. डोळ्यांना दिसत नाही, पण वाकते. ते ओळखण्याची रीत जुनी आणि सोपी आहे. दांडीवर डायल गेज लावून त्याचा काटा नळीला टेकवायचा आणि पुढचा स्क्रू हळूहळू सैल करायचा. काटा जवळजवळ जागचा हलला नाही तर बैठक निर्दोष. मिलिमीटरच्या पाच शतांशाहून अधिक हलला तर कोठेतरी धातू कोंडला आहे असे समजावे. मग ती जागा शोधून खाच दुरुस्त करावी किंवा इपॉक्सीचा पातळ थर देऊन नवी बैठक घडवावी. त्यानंतर नळी पुढे कोठेही टेकत नाही ना, हे कागदाची पट्टी नळीखालून सरकवून पाहायचे. स्क्रू आळीपाळीने, थोडेथोडे, मोजमापाच्या पान्याने, कारखान्याने दिलेल्या आकड्याबरहुकूम आवळायचे आणि तो आकडा वहीत लिहून ठेवायचा. चाप मोकळा चालतो का, बोल्ट अडखळतो का, हेही पाहायचे. शेवटी एकाच उत्पादन-गटाच्या गोळ्या झाडून कागदावरचा पुंजका आधीच्या पुंजक्याशी ताडायचा. या कामाला घाई मानवत नाही; ज्याला मोजण्याची सवय आहे त्याच्याच हातून ते होते.

धातू झाला, तरी अर्धेच काम झाले. उरलेले अर्धे माणसाच्या शरीराचे. तीन अवस्थांच्या स्पर्धेत गुडघ्यावर बसून, पालथे पडून आणि उभे राहून, प्रत्येकी २० गोळ्या प्राथमिक फेरीत झाडाव्या लागतात. प्रत्येक अवस्थेत मानेचा कल वेगळा, खांद्याची जागा वेगळी, डाव्या हाताची उंची वेगळी. गालाचा टेका आणि खांद्याची पट्टी त्या त्या अवस्थेनुसार बदलता आली, आणि बदलून पुन्हा नेमकी पहिल्या जागी आणता आली, तर नेमबाजाला मानेचे स्नायू ताणून डोळा साइटशी न्यावा लागत नाही. चॅसीवरच्या आकड्यांच्या पट्ट्या यासाठीच असतात. शिंप्याने माप घ्यावे तसे हे माप घ्यावे लागते. आणि वाढत्या वयाच्या मुलामुलींच्या बाबतीत ते दर काही महिन्यांनी पुन्हा घ्यावे लागते. दुसऱ्याच्या मापाचा अंगरखा घालून लग्न पार पडेल. दुसऱ्याच्या मापाच्या दस्त्याने ६० गोळ्या पार पडत नाहीत.

मुंबईला या खेळाची परंपरा नाही असे कोणी म्हणणार नाही. दादरच्या कीर्ती महाविद्यालयात एनसीसीसाठी प्रवेश घेतलेली अंजली वेदपाठक वरळीच्या महाराष्ट्र रायफल असोसिएशनमध्ये घडली आणि अंजली भागवत या नावाने २००० साली सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोहोचली. सुमा शिरूर आणि दीपाली देशपांडे २००४ साली अथेन्सला गेल्या; याच दीपाली देशपांडे पुढे कुसळेच्या मार्गदर्शक झाल्या. म्हणजे खेळाडू घडविण्याची आणि खेळाडूतून प्रशिक्षक घडविण्याची साखळी आपल्याकडे तयार आहे. तिच्यात एक कडी अजून कच्ची आहे, ती कारागिराची. मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत जर्मन कारखान्यांचे कारागीर हत्यारांची पेटी घेऊन हजर असतात आणि आपले नेमबाज रांगेत उभे राहून त्यांच्याकडून रायफल तपासून घेतात. अशा मदतीत कमीपणा नाही. पण जिल्हा पातळीवरच्या मुलीला ती मदत कोठून मिळणार? तिच्या वाट्याला बहुधा ओळखीपाळखीचा सल्ला, एखाद्या थोर नेमबाजाची मेहेरबानी, नाहीतर स्वतःच्या हातातली ॲलन की एवढेच येते.

ही उणीव ज्या शहरात आहे, ते शहर कोणते हे ध्यानात घेतले म्हणजे मन खंतावते. परळ-लालबागच्या गिरण्यांत हजारो चात्या एका ओळंब्यात फिरत्या ठेवणारे फिटर आणि टर्नर याच शहरात पिढ्यान्‌पिढ्या तयार झाले. केसाएवढा फरक बोटाच्या टोकाला कळणारी ती माणसे होती. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या एकामागून एक मालवत गेल्या, आणि त्यांच्याबरोबर हातातली ही विद्याही विखुरली. गिरणीच्या जागेवर टॉवर उभा राहिला, हे सर्वांना दिसते. कार्यशाळेतला अनुभव मात्र कोणाच्याही नावावर चढला नाही, हे दिसत नाही. व्हीजेटीआयसारखी १८८७ साली भायखळ्याला स्थापन झालेली आणि १९२३ साली माटुंग्याला आलेली संस्था दादरच्या उशाशी आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून आजही मुले फिटरचा अभ्यासक्रम पुरा करतात. डायल गेज, कानस आणि मोजमापाचा पाना त्यांच्या हाताला परका नाही. परकी आहे ती केवळ रायफल.

येथे कोणी कायद्याचा आक्षेप घेईल, आणि तो रास्त आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार बंदुकीची निर्मिती, दुरुस्ती किंवा चाचणी परवान्याशिवाय करता येत नाही. तशी मुभा असूही नये. रायफल घेऊन गल्लीतल्या लेथवाल्याकडे जावे, असे येथे कोणी सुचवीत नाही. उलट कायदा कडक आहे म्हणूनच हे काम परवानाधारक संस्थेच्या छपराखाली, नोंदवहीसह आणि पगारी जबाबदार माणसाच्या हातून व्हावयास हवे. नेमबाजी संघटनेने एक आर्मरर नेमावा, त्याच्या हाताखाली तंत्रशाळेतून निवडलेली दोन-तीन मुले उमेदवारी करावीत, आणि राज्याच्या क्रीडा खात्याने या पदांचा खर्च उचलावा. पदकविजेत्यांना जाहीर होणाऱ्या बक्षिसांच्या मानाने हा खर्च नगण्य ठरेल. नळी आणि ॲक्शन जर्मनीहून येत राहील. ती येथे घडविण्याचा हट्ट आज धरण्याचे कारण नाही. मात्र बैठक येथे घडू शकते, आणि माप तर येथेच घ्यावे लागते.

दुसरा आक्षेप अधिक जुना आहे : हा श्रीमंतांचा खेळ, त्यावर सार्वजनिक पैसा का? कांबळवाडीच्या शिक्षकाच्या मुलाने या आक्षेपाचे उत्तर पॅरिसमध्ये दिलेच आहे. पण त्यातला सत्याचा अंश नाकारण्याचे कारण नाही. हा खेळ महाग आहे, आणि कारागीर नसल्याने तो गरिबाला अधिकच महाग पडतो. ज्याच्याकडे पैसा आहे तो नवी चॅसी घेतो; ती बसली नाही तर दुसरी घेतो, आणि गरज पडली तर जर्मनीला जाऊन येतो. ज्याच्या वडिलांनी कर्ज काढून एकच रायफल घेतली, त्याला ती बिघडून चालत नाही. त्याच्यासाठी चांगला फिटर म्हणजे चैन नव्हे. स्पर्धेत टिकून राहण्याचा तो एकमेव मार्ग आहे. लाकडाच्या जुन्या दस्त्यावरही, त्याची बैठक नीट केली आणि पावसाळ्यात पुन्हा तपासली, तर उत्तम गुण मिळतात. धातूची चॅसी घ्यावीच असे नाही. घेतली असेल ती नीट बसवावी, एवढेच म्हणणे आहे.

आपल्या समाजाला वस्तू विकत घेण्याचा उत्साह मोठा आणि ती बसवून, जपून, दुरुस्त करून वापरणाऱ्याविषयीचा आदर तोकडा. प्रयोगशाळेतील उपकरणे आणि कचेरीतील संगणक यांचीही तीच कथा आहे. शिक्षकांनी आणि कारकुनांनी ती रोज पाहिली आहे. वस्तू येते, तिचे उद्घाटन होते, हार घातला जातो, आणि पहिल्या बिघाडानंतर ती कपाटात जाते. नेमबाजीत एवढाच फरक की तेथे या निष्काळजीपणाचा हिशेब मिलिमीटरमध्ये लगेच मांडला जातो. पुढच्या पदकाची वाट पाहणाऱ्या महाराष्ट्राने सत्काराच्या यादीत एक खुर्ची त्या अनामिक फिटरसाठी राखून ठेवावी. आणि त्याआधी, त्या खुर्चीवर बसण्यायोग्य माणूस तयार होईल अशी एक कार्यशाळा वरळी ते माटुंगा या टापूत कोठेतरी उघडावी.