बिल्ल्याची डबी आणि डबीतला बिल्ला

दसरा जवळ आला की आमच्या घरी आजीचा हुकूम सुटायचा, ‘चला रे, उजळणी काढा!’ मग समया, ताम्हन, तांब्ये-पेले यांच्या रांगेत पणजोबांचं पदकही येऊन बसायचं. पहिल्या महायुद्धातलं, चांदीचं. राखेनं ते खसाखसा घासायचं काम माझ्याकडे. लख्ख झालं की आजी म्हणायची, ‘बघ, कसं नव्यासारखं दिसतंय!’

परवा ते पदक नाण्यांचा नाद असलेल्या एका स्नेह्यांना दाखवलं. त्यांनी भिंग लावलं, पदकाची कड फिरवून पाहिली आणि सुस्कारा सोडला. या पदकांच्या कडेवर सैनिकाचा क्रमांक, नाव आणि पलटण ठोकलेली असते. आमच्या पणजोबांच्या नावातली निम्मी अक्षरं गुळगुळीत झाली होती. पणजोबांना शत्रूनं पुसलं नाही, आम्ही पुसलं!

माझा चेहरा पाहून स्नेह्यांनी विषय बदलला. कपाटातून तळहातात मावेल अशी प्लॅस्टिकची चपटी, पारदर्शक डबी काढली. आत एक तांब्याचा बिल्ला. म्हणाले, ‘हा अमेरिकेतला, तिथल्या यादवी युद्धाच्या काळातला. बिल्ला दीडशे वर्षांहून जुना, डबी जेमतेम पस्तीस वर्षांची. पण आता लोक डबीचेही पैसे मोजतात!’

बिल्ल्याचे पैसे समजू शकतात. पण डबीचे?

त्यासाठी आधी बिल्ल्याची गोष्ट ऐकायला हवी. १८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली. घाबरलेल्या लोकांनी सोनं दडवलं, मग चांदी दडवली आणि १८६२ मध्ये तर एक-एक सेंटची नाणीसुद्धा बाजारातून गायब झाली. सुट्ट्या पैशांवाचून दुकानदारांचं अडलं. त्यांनी स्वत:च सेंटच्या आकाराचे बिल्ले पाडून घेतले. कुणी त्यावर दुकानाची जाहिरात केली, कुणी देशभक्तीचा मजकूर घातला. एका बिल्ल्यावर ‘झेंड्याला हात लावील त्याला जागीच गोळी घाला’ असा दम आहे. त्यातही ठसा कोरणाऱ्यानं ‘स्पॉट’च्या जागी ‘स्पूट’ कोरून ठेवलं. आज संग्राहक त्या चुकीवरच फिदा आहेत!

न्यू यॉर्कच्या लिंडेनम्युलर नावाच्या गुत्तेवाल्यानं तर दहा लाखांहून अधिक बिल्ले चलनात सोडले, असं सांगतात. तिथल्या थर्ड अॅव्हेन्यू रेल्वेकडे प्रवाशांकडून त्यांचा ढीग जमला. कंपनीनं ‘हे घ्या आणि पैसे द्या’ म्हटल्यावर गुत्तेवाला नुसता हसला. कंपनी काय करणार? बिल्ला म्हणजे शेवटी शब्द, आणि शब्द फिरवणारा फिरवतो. अखेर १८६४ मध्ये सरकारनं कायदा करून ही खासगी नाणी बंद पाडली.

म्हणजे प्रश्न विश्वासाचा. सव्वाशे वर्षांनी नाणेबाजारात तोच प्रश्न वेगळ्या वेषात आला. विकणारा म्हणे नाणं ‘कोरं करकरीत’, घेणारा म्हणे ‘वापरलेलं’. खरं कोण ठरवणार? १९८६ मध्ये पीसीजीएस आणि १९८७ मध्ये एनजीसी या अमेरिकन कंपन्या पुढे आल्या. विकणारा नाही, घेणारा नाही, तिसराच माणूस नाणं तपासणार, त्याला १ ते ७० यांपैकी गुण देणार आणि ते प्लॅस्टिकच्या डबीत कायमचं बंद करणार.

गुणांची ही मोजपट्टी १९४९ साली विल्यम शेल्डन या मानसशास्त्रज्ञानं आखली होती. गंमत बघा, याच शेल्डननं न्यू यॉर्कच्या नाणेसंस्थेच्या संग्रहातली चांगली नाणी उचलून त्या जागी कमअस्सल ठेवली होती, हे त्याच्या मृत्यूनंतर उघडकीस आलं. विश्वासाची फूटपट्टी बनवणाराच असा निघाला!

सुरुवातीच्या या डब्यांना संग्राहकांनी लाडकी नावं दिली आहेत. पीसीजीएसची पहिली डबी हलवली की आत खडखडते, म्हणून ती ‘रॅटलर’, आपल्या भाषेत खुळखुळा. एनजीसीची पहिली डबी आतून काळी होती. ती १९८७ मध्ये थोडाच काळ निघाली, म्हणून आज दुर्मीळ. या कंपन्यांचा मुख्य धंदा सरकारी नाण्यांचा. त्यामुळे दुकानदारांचे बिल्ले आणि प्रदर्शनांची पदकं त्या काळातल्या डब्यांत तुरळकच सापडतात. म्हणून शौकिनांच्या त्यांच्यावर उड्या पडतात.

पण नुसत्या दुर्मीळपणाचा हा मोह नाही. पुष्कळ जाणकार मानतात की, सुरुवातीला गुण देताना हात आखडता होता, पुढे तो सैल झाला. त्यामुळे जास्त गुणांच्या आशेनं लोक जुन्या डब्या फोडतात आणि नाणं पुन्हा तपासायला पाठवतात. दर फोडीबरोबर जुन्या डब्या कमी होतात. जी डबी अभंग राहिली, तिच्यातल्या बिल्ल्याला एवढी वर्षं कुणाचा हात लागलेला नाही, एवढं तरी नक्की.

आणि हात लागणं म्हणजे काय, हे आमच्या पदकानं मला शिकवलंच आहे. घासलेल्या नाण्याला या कंपन्या सुरुवातीला गुणच देत नसत. ते साध्या प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून परत पाठवत. काळपट थर हा मळ नव्हे, ते त्या धातूचं वय असतं. आपण वय घासून काढतो आणि वर खूश होतो!

आता तुमच्या कपाटाकडे वळू या. जुनं पदक, गिरणीचा बिल्ला, रामदरबाराची टंका, काहीतरी असेलच. घासू नका, चिंच-लिंबू लावू नका, कडेला धरून हाताळा. राम-सीता-हनुमान असलेलं, १८१८ सालचं ‘ईस्ट इंडिया कंपनीचं नाणं’ लाखो रुपयांना जातं, असं कुणी सांगितलं तर हुरळून जाऊ नका. कंपनीनं तसं नाणं काढलेलंच नाही. जुनी नाणी विकून देतो म्हणत आधी ‘शुल्क’ उकळणाऱ्यांपासून सावध राहा, असं रिझर्व्ह बँकेनंही २०२१ मध्ये बजावलं आहे. डबी पाहूनही भुलू नका, बनावट डब्या २००८ च्या सुमारासच बाजारात आल्या आहेत. डबीवरचा क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर पडताळता येतो, आतली वस्तू तिथल्या छायाचित्राशी जुळवून बघा. आणि शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्तू गुणांसाठी परदेशी धाडायचा विचार असेल तर थांबा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर पाठवता येत नाही.

आमच्या पदकाला आता कोणतीच कंपनी चांगले गुण देणार नाही. मी ते मऊ कागदात गुंडाळून ठेवलंय. सोबत एक चिठ्ठी आहे. पणजोबांचं पूर्ण नाव, गाव, पलटण, आठवतं तेवढं सगळं लिहिलंय. कडेवरून जे पुसलं ते निदान कागदावर राहील.

यंदाच्या दसऱ्याला समया घासू. पदकाला मात्र फूल वाहू आणि लांबूनच नमस्कार करू.